मदत हवी आहे: श्रीलिपीतल्या मराठी पीडीएफमधले तक्ते एक्सेलमध्ये कसे आणायचे?

मी पत्रकारितेच्या एमएला आहे, शेवटचं सेमिस्टर. डेटा जर्नालिझमच्या प्रोजेक्टला आमच्या तालुक्यातल्या टँकरचा विषय घेतलाय आणि सरकारी ऑफिसातून ३४ पीडीएफ मिळाल्यात. निम्म्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेल्या, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता कचरा येतो, बाकीच्या स्कॅन, त्याही तिरक्या (वर शिक्का नेमका आकड्यांवर!).

टॅब्युला (पीडीएफमधले तक्ते काढणारं फुकट टूल) वापरून बघितलं, स्कॅनवर ते चालतच नाही. गूगल डॉक्सने ओसीआर केलं (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढला) तर गावांची नावं बरी येतात पण रकाने मोडतात, आणि ९ चा १ होतो, म्हणजे ९ फेऱ्यांची १ फेरी, अशी बातमी छापली तर झालंच. टेसरॅक्ट या फुकट ओसीआर प्रोग्रामला मराठी डेटा टाकूनही तेच. आरटीआयमध्ये सॉफ्ट कॉपी मागता येते हे माहितीये, पण उत्तराला ३० दिवस आणि माझं सबमिशन १८ दिवसांवर.

लॅपटॉप ४ जीबीचा, पेड सॉफ्टवेअर परवडणार नाही, पायथॉन जेमतेम येतं.

श्रीलिपीचं युनिकोड करताना तक्ता न मोडणारा फुकट कन्व्हर्टर कुणी वापरलाय का? आणि स्कॅनमधले देवनागरी आकडे कसे तपासता, की सरळ हाताने टाइप करायला बसू?