मदत हवी आहे: टेक्ससच्या काउंटी जेलमध्ये मावसभाऊ, औषधं बंद

मंडळी, घाईत लिहितेय. टेक्ससमध्ये कुणी काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलचा कारभार जवळून पाहिला असेल, तर कृपया लगेच उत्तर द्या.

माझा मावसभाऊ तिथे एच-वन-बी व्हिसावर नोकरीला आहे. रूममेटशी भांडण झालं, धक्काबुक्की झाली आणि पोलिसांनी त्याला उचललं. गुन्हा किरकोळ वर्गातला आहे आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. त्याला बायपोलरचा (मनःस्थिती दोन टोकांना जाण्याचा) मानसिक आजार आहे. लिथियमच्या गोळ्यांवर इतकी वर्षं तो अगदी नीट होता. आत गेल्यापासून एकही गोळी मिळालेली नाही, असं तो सांगतो. जेलला फोन केला की "नर्सकडे नोंद आहे" एवढंच ऐकायला मिळतं. बाहेरची औषधं ते घेत नाहीत.

समोरासमोर भेट नाही, स्क्रीनवरच. काल बोलताना तो सारखा मागे वळून बघत होता. वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सुरू करायचा. "झोप लागतच नाही गं," म्हणाला. मावशी साताऱ्याला, मी न्यू जर्सीत. तिला काय सांगू?

कोर्टाकडून बचावाचा वकील मिळालाय. गुन्हा कबूल केला तर झालेली कोठडी शिक्षेत धरून लगेच सोडतील, असं तो म्हणतो. सही करावी का? बाँडवाला (पैसे घेऊन जामीन राहणारा एजंट) जामिनाच्या दहा टक्के मागतोय, ते परत मिळत नाहीत. याच जेलबद्दल तिथल्या पेपरात बरंच छापून आलंय. आपणही बातमीदाराशी बोलावं का? मावशीला भीती, चार लोकांत नाव जाईल. मला मात्र सँड्रा ब्लँड आठवते. 2015 साली वॉलर काउंटीच्या जेलमध्ये अटकेनंतर तिसऱ्या दिवशी ती मृतावस्थेत सापडली. बाहेर यायला साधारण 500 डॉलर हवे होते.

---

बायूकाठ, ह्यूस्टन:

ताई, सही अजिबात नको. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा. कबुलीने व्हिसा जाऊ शकतो. असे परिणाम अशिलाला समजावणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने 2010 च्या पडिया (Padilla) खटल्यात सांगितलंय. त्या वकिलाला हे स्पष्ट विचारा. घरी जायच्या ओढीने लोक न केलेला गुन्हाही कबूल करतात. इथल्या काउंटी जेलांवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. आतले बहुतेक जण कच्चे कैदी असतात.

औषधाचं आजच करा. भावाच्या इथल्या डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शन आणि आजाराचं पत्र थेट जेलच्या वैद्यकीय विभागाला फॅक्स करायला सांगा. माहिती तुम्हाला द्यावी म्हणून त्याने आत संमतीपत्रावर सही करायला हवी, नाहीतर नर्स तुमच्याशी बोलणार नाही. तेच पत्र वकिलालाही द्या. कैदी मानसिक आजारी असल्याची विश्वासार्ह माहिती मिळाली की शेरीफने (काउंटीच्या पोलीसप्रमुखाने) 12 तासांत मॅजिस्ट्रेटला कळवायचं, असा टेक्ससचा कायदा आहे. तरी हलले नाहीत तर काउंटी जेलांवर देखरेख करणाऱ्या टेक्सस कमिशन ऑन जेल स्टँडर्ड्सकडे लेखी तक्रार करा. नातेवाइकांना ती करता येते. कुणाशी कधी बोललात, काय उत्तर मिळालं, सगळं टिपून ठेवा.

आणि त्या स्क्रीनवर किंवा फोनवर भांडणाबद्दल एक शब्दही नको. सगळं रेकॉर्ड होतं आणि कोर्टात वापरलं जातं.

---

न्यू जर्सीची ताई:

फार आभार. डॉक्टरांना निरोप ठेवलाय. आपली भारतीय वकिलात (कॉन्सुलेट) काही करेल का?

---

ऑस्टिनकर:

भारताच्या बाबतीत वकिलातीला आपोआप कळवत नाहीत, कैद्याने मागणी करावी लागते. ती त्याला करायला सांगा. टेक्सस ह्यूस्टनच्या वकिलातीकडे येतं. ते खटला लढणार नाहीत, पण जेलकडे विचारणा करू शकतात.

बाँडचे पैसे भरण्याआधी इमिग्रेशन खात्याने त्याच्यावर होल्ड (त्यांच्या ताब्यात देण्याची मागणी) टाकलाय का, ते वकिलाकडून खात्रीने कळून घ्या. होल्ड असेल तर जामीन भरूनही तो दारातून थेट त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो.

बातमीदाराबद्दल माझं मत सांगतो. खटला चालू असताना भावाचं नाव आणि प्रकरण बाहेर नको. पण गप्पही बसू नका. जेल चालवतो निवडून आलेला शेरीफ, पैसे मंजूर करतं कमिशनर्स कोर्ट, म्हणजे काउंटीचं कारभारी मंडळ. त्यांच्या बैठकीत लोकांना बोलायची मुभा असते. नाव न घेता "तुमच्या जेलमध्ये मनोरुग्णांना औषध किती तासांत मिळतं?" एवढं विचारता येतं. पुढची बैठक कधी आहे ते काउंटीच्या संकेतस्थळावर मिळेल. काउंटी कुठली ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जवळपास असेल तर मी स्वतः जाऊन विचारीन.