मदत हवी आहे : घरी काढलेले मुलीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो मळकट येताहेत

चिमणीची आई
पटकन उत्तर हवंय. मुलीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरीच काढतेय. तीन दिवस झाले, एकही धड नाही. चेहरा मळकट, गालांवर डाग पडल्यासारखे, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. त्याच जागी रंगीत काढले की बरे येतात. "कॉन्ट्रास्ट वाढवा" सांगू नका, वाढवून झालाय, आणखी भयाण दिसतं. स्टुडिओत जा असंही सांगू नका, तिथे ती भोकाड पसरते. रविवारी सासूबाईंना फ्रेम द्यायची आहे.

उजेडमापक
कॅमेरा कोणता? लेन्स कोणती? मुलगी केवढी? उजेड कुठून येतो, किती वाजता? खोलीतला दिवा चालू होता की बंद? फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो)? भिंतींचा रंग? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड.

सिडकोकर
एवढी चौकशी कशाला? ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), प्रश्न मिटला. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, ५५ एमएमला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या दहापट उजेड आत येतो.

उजेडमापक
दहापट उजेड येईल, पण दीड मीटरवरून एफ/१.८ ला क्रॉप (लहान) सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम ६ सेंटीमीटर. मान जराशी वळली की एक डोळा धारदार, दुसरा पुसट. हलत्या मुलाला एफ/२.८ च्या खाली जाऊ नये, तेव्हा कुठे साडेनऊ सेंटीमीटर मिळतात. आणि त्यांची तक्रार मळकटपणाची आहे, अंधाराची नाही.

चिमणीची आई
कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५. मुलगी दीड वर्षाची. बाल्कनीच्या दारापाशी सतरंजीवर बसवते, सकाळी नऊच्या सुमारास. कॅमेऱ्यात मोनोक्रोम लावलंय. आता सांगा.

पंचवटीची आत्या
बाळाला काजळ घातलंय का गं? आणि कपाळावर तीट? काळ्यापांढऱ्या फोटोत तीट म्हणजे भोक पडल्यासारखी दिसते. काजळ पसरलं असेल तर डोळ्यांखाली खड्डे दिसणारच. पुसून टाक आणि मग काढ.

सिडकोकर
आत्या, काजळ मुळातच घालू नये, काहींमध्ये शिसं असतं. बालरोगतज्ज्ञही नको म्हणतात.

पंचवटीची आत्या
घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात कुठून येणार शिसं? पण असो, ते इथे नको.

कागदपत्रे
पासपोर्टसाठी असेल तर ब्लॅक अँड व्हाइट चालत नाही. रंगीतच लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोरून.

चिमणीची आई
पासपोर्ट कोण म्हणालं?? फ्रेम म्हटलंय मी. काजळ नाही, तीट नाही.

चांदीचा क्षार
डिजिटलचा राखाडी हा राखाडी नव्हेच. फिल्म कॅमेऱ्यात एचपी५ प्लस या काळ्यापांढऱ्या फिल्मचा रोल घाला, उजेड ४०० च्या संवेदनशीलतेवर मोजा, डी-७६ डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. पहिली ३० सेकंद सलग हलवा, मग दर मिनिटाला १० सेकंद. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणी तापलेलं असतं, डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवून तापमान खाली आणा, नाहीतर निगेटिव्ह जादा शिजते आणि गाल पांढरेफटक होतात. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो.

उजेडमापक
आज मंगळवार. रोल मागवा, ३६ फ्रेम संपवा, धुवा, वाळवा, स्कॅन करा, आणि रविवारी फ्रेम?

चांदीचा क्षार
घाई असेल तर मोबाइलवर काढा मग.

उजेडमापक
@चिमणीची आई, माझे तीन प्रश्न तसेच राहिले. दिवा, फाइल, भिंती. मोनोक्रोम आणि नुसतं जेपेग असेल तर रंगांची माहिती कॅमेऱ्याने तिथल्या तिथे फेकून दिली, नंतर कुठलं ॲप काही करू शकत नाही. क्वालिटीत रॉ+एल निवडा, मोनोक्रोम तसंच ठेवा. मागच्या पडद्यावर काळंपांढरं दिसेल, रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतील.

चिमणीची आई
ट्यूब चालू होती, अर्थात. घरात अंधार असतो. भिंती क्रीम. जेपेग. बाल्कनीत ऊन येतं म्हणून जाळी लावलीय त्यामुळे अंधार, पण ती बाहेर आहे, फोटोत येत नाही.

द्राक्षबाग
जाळी कुठली? कबुतरांची नायलॉनची की शेडनेट? रंग? ५० टक्के की ७५ टक्के?

चिमणीची आई
हिरवी. रसवंतीवर असते तसली. टक्के माहीत नाहीत. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरव्याचा काय संबंध?

द्राक्षबाग
५० टक्क्यांची असली तरी निम्मा उजेड गेला, ७५ ची असेल तर पावच उरला. रोपवाटिकेला ठीक, पोरीच्या चेहऱ्याला नाही.

उजेडमापक
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. संबंध आहे, आणि सगळा तोच आहे.

कातडी गोरी असो, सावळी असो, तिचा उजळपणा मुख्यतः लाल रंगात असतो. हिरव्यात लालसर भाग गडद होतात : गालांवरची लाली, डास चावल्याचा ठिपका, नाकाभोवतीचा कोपरा, सगळं वर येतं. हिरव्या जाळीतून येणाऱ्या उजेडात लाल कमी. कॅमेरा मग लाल ओढूनताणून वाढवतो, त्याबरोबर रवाळपणाही वाढतो. वरून ट्यूबचा पांढरा उजेड. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्याने आपोआप केलेली दुरुस्ती) एका उजेडाला सांभाळतो, दोघांना नाही. म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला एक राखाडी, दुसऱ्या बाजूला दुसरा. रंगीत फोटोत डोळा हे खपवून घेतो, कारण तिथे गाल गुलाबी म्हणून ओळखू येतो. रंग काढले की उरतो फक्त गडद-फिका हिशेब, आणि गुलाबी गाल डाग होऊन बसतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की तोच डाग वाढतो.

चांदीचा क्षार
जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचं अगदी हेच होतं. तिला लाल दिसतच नसे, म्हणून ओठ काळे, कातडी काळवंडलेली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' करताना आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनाही तसल्याच फिल्मशी झगडावं लागलं असणार.

सिडकोकर
फाळके स्मारकाला बऱ्याच दिवसांत गेलो नाही. पांडवलेण्याचा डोंगर या दिवसांत हिरवागार असतो.

चिमणीची आई
हिरवं पुरे आता. जाळी काढली तर ऊन थेट येतं. काय करू ते सांगा.

उजेडमापक
बाल्कनी पूर्वेची दिसते. मग नऊला काढूच नका. दुपारी साडेबारा ते चार, सूर्य इमारतीच्या पलीकडे गेलेला असतो, बाल्कनीत नुसत्या आकाशाचा मऊ उजेड. श्रावणात ढग असतील तर दिवसभर चालेल. सकाळीच काढायचं असेल तर जाळीच्या जागी मलमलचं जुनं धोतर एकपदरी ताणून बांधा. पांढरंच, नीळ घातलेलं नको. ट्यूब बंद. तिच्यामुळे उजेड डोक्यावरून पडतो, शिवाय चोकवाली असेल तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/२५० सेकंद शटरला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी आडवा पट्टाही.

खड्ड्यांचं कारण वेगळं. बाल्कनीचा कठडा साडेतीन फूट, सतरंजीवर बसलेल्या दीड वर्षाच्या मुलीचं डोकं दीड-दोन फुटांवर. तिला फक्त वरचं आकाश दिसतं, म्हणजे उजेड कपाळावर, भुवयांची सावली डोळ्यांत. दिवाण दाराशी ओढा, त्यावर बसवा. कडेला कुणीतरी हाताच्या अंतरावर हवंच, फोटोत आलं तरी चालेल. दारापासून तीनेक फुटांवर, चेहरा दाराकडे अर्धा वळलेला. बुबुळात दाराचा पांढरा चौकोन चमकताना दिसला की जागा बरोबर. तो दिसत नसेल तर शटर दाबूच नका. पुढ्यात दिवाणावर पांढरी चादर, तिच्यावरून उजेड उसळून हनुवटीखाली आणि डोळ्यांत जातो. सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला खुर्चीवर दुसरी चादर. थोडी काळी राहू द्या, दोन्ही बाजू सारख्या केल्या तर चेहरा सपाट होतो.

सिडकोकर
थर्माकोलची शीट उत्तम. मेन रोडला मिळते.

द्राक्षबाग
थर्माकोलवर बंदी आहे ना?

सिडकोकर
२०१८ ची बंदी ताटवाट्या आणि सजावटीवर आहे. टीव्हीच्या खोक्यातला जुना तुकडाही चालतो.

पंचवटीची आत्या
फ्लॅश नको हो मात्र, बाळाच्या डोळ्यांना त्रास.

उजेडमापक
आत्या, साध्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होत नाही, मूल दचकतं एवढंच. पण कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून मारला की चेहऱ्याचा उठाव जातो, म्हणून नको. दोघांचं उत्तर एकच निघालं.

आता सेटिंग. एम (मॅन्युअल) मोड, ५५ एमएम, एफ/५.६, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. फोकसचा मधला बिंदू जवळच्या डोळ्यावर, नऊपैकी तोच सर्वांत भरवशाचा. तुमची उंची तिच्या डोळ्यांइतकी, उभ्याने काढाल तर कपाळ मोठं येतं. दीड-दोन मीटर लांब राहा. १८ एमएम लावून जवळ गेलात तर नाक फुगतं. ३२०० चा रवाळपणा काळ्यापांढऱ्यात बोचत नाही, हललेला डोळा बोचतो. मागे पाचसहा फुटांवर गडद, साधा पडदा. फ्रॉक एकरंगी. लाल फ्रॉकवरची हिरवी बुट्टी इथे एकाच राखाडीत विरघळते.

चिमणीची आई
जाळी सोडली, ट्यूब बंद, दिवाण ओढला. डोळ्यांत चौकोन आला!! पण आता नवीनच. कॅमेऱ्यात काळापांढरा दिसतो, लॅपटॉपवर रॉ उघडली तर रंगीत. बिघडलं का काही?

उजेडमापक
काहीही बिघडलं नाही, हेच हवं होतं. कॅननचं डीपीपी हे रॉ फाइल उघडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उतरवताना कॅमेऱ्याचा सिरियल नंबर मागतं. त्यात पिक्चर स्टाइल मोनोक्रोम, फिल्टर इफेक्टमध्ये पिवळा, मग नारिंगी लावून बघा. कातडी उजळते, डाग मावळतात. लाल लावू नका, ओठ आणि गाल एकाच पांढऱ्यात जातात, बाळाला तोंडच नाही असं वाटतं. हिरवा तर तुम्ही तीन दिवस जाळीने लावलाच होता. मोबाइलवर करायचं तर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्येही हेच रंग आहेत.

सिडकोकर
फ्रेम केवढी?

चिमणीची आई
१२ बाय १८ इंच. शनिवारी संध्याकाळी प्रिंट मिळेल ना?

उजेडमापक
३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तुमची फाइल ६००० बाय ४००० ची आहे, पुरते. पण फार कापू नका. एसआरजीबी (नेहमीची प्रमाणित रंगपद्धत) जेपेग पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की आकार घटतो. लॅबमध्ये रंगीत कागदावरच छापतात, त्यामुळे राखाडीत हिरवी किंवा जांभळी झाक येऊ शकते. आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढायला लावा, दुकानाच्या ट्यूबखाली नाही, बाहेर दिवसाउजेडी बघा, मग मोठी. म्हणजे शुक्रवारी दुपारीच जा.

द्राक्षबाग
जाळी परत लावताना पांढरी लावा. ऊन अडतं, हिरवा रंग पडत नाही.

कागदपत्रे
आधारसाठी फोटो न्यावा लागत नाही, केंद्रावरच काढतात.