न्यायाधीशांचे शिक्षण आणि पूर्वीची वकिली : नागरिकाला किती माहिती मिळू शकते?

सातारकर (प्रश्न)
आमचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालू असून, बदल्यांनंतर त्यावर नवे न्यायाधीश आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायमूर्तींचा परिचय वाचायला मिळतो. जन्मतारीख, शिक्षण, सनद कधी घेतली, वकिली कोठे केली, हे सगळे त्यात असते. आमच्या न्यायालयाच्या पानावर मात्र नाव आणि पदनाम यांपलीकडे काही नाही. न्यायाधीशांची पदवी आणि पूर्वी त्यांनी कोणाकोणाची वकीलपत्रे घेतली होती, हे माहिती अधिकारात विचारता येते काय? असे विचारणे न्यायालयाचा अवमान तर ठरत नाही ना? गावातले जाणकार त्या वाटेला जाऊच नका म्हणतात.

दिवाणीतला वकील
अवमानाची भीती मनातून काढून टाका. सभ्य भाषेत माहितीचा अर्ज करणे हा अवमान नव्हे. अडचण वेगळीच आहे. 13 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते असा निकाल दिला आणि त्याचा गाजावाजाही झाला. परंतु त्याच निकालात शैक्षणिक पात्रता, गुण, मूल्यमापन अहवाल यांना वैयक्तिक माहिती म्हटले आहे आणि व्यापक जनहित दाखवल्यासच ती मिळू शकेल असे सांगितले आहे, हा भाग फारसा कोणी वाचत नाही. त्यानंतर वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम 8(1)(ञ) बदलून त्यातली जनहिताची सवलत काढली आणि नोव्हेंबर 2025 पासून ती दुरुस्ती अमलात आली. त्यामुळे आता जनहिताचा आधार घ्यायचा तो कलम 8(2), म्हणजे जनहित वरचढ असल्यास माहिती देता येण्याच्या तरतुदीमधूनच. पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत मागाल, तर नकार ठरलेलाच समजा. नियुक्तीची अधिसूचना आणि निवड यादी मागा. ती शासकीय कागदपत्रे आहेत.

नागपूरचा वाचक
पदवीची चौकशी मला तशी निरर्थकच वाटते, कारण विधी पदवीशिवाय सनदच मिळत नाही. खरा प्रश्न पूर्वीच्या कामाचा आहे. गुवाहाटी उच्च न्यायालयावर नेमल्या गेलेल्या के. एन. श्रीवास्तव यांच्या नियुक्तीपत्रावर राष्ट्रपतींची सही झालेली होती, फक्त शपथविधी बाकी होता; आणि 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नियुक्तीच रद्द केली. उच्च न्यायालयासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 नुसार दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली लागते. श्रीवास्तव यांनी मिझोराम सरकारच्या विधी खात्यात केलेले काम न्यायिक पद ठरत नव्हते. सरकार, उच्च न्यायालय आणि सरन्यायाधीश अशा सगळ्यांच्या हाताखालून गेलेली ही फाइल. तो तपशील कोणी बाहेर काढला नसता, तर ते न्यायमूर्ती झालेच असते. पुढे 2009 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की पात्रतेवर (कायद्यातल्या अटी पूर्ण होतात की नाही यावर) न्यायालयात आव्हान देता येते, योग्यतेवर (ती व्यक्ती पदाला लायक आहे की नाही यावर) नाही. मग पात्रता ज्या माहितीवरून तपासायची ती लोकांपासून झाकून ठेवणे मला तरी पटत नाही.

न्यायालयातून निवृत्त
वरच्या न्यायालयांत अलीकडे बरेच उघड झाले आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 पासूनच्या उच्च न्यायालय नियुक्त्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात उमेदवार न्यायिक सेवेतून आला की वकिलांमधून, आणि आजी-माजी न्यायमूर्तींपैकी कोणाचा नातलग आहे काय, हेसुद्धा दिले होते. नातेवाइकांचा रकाना छापला जाईल असे आमच्या नोकरीच्या काळात कोणी म्हणाले असते, तर आम्ही हसलो असतो. तालुक्याला मात्र यातले काहीच पोहोचलेले नाही, आणि सामान्य पक्षकाराचा आयुष्यभराचा संबंध येतो तो तालुक्याशीच.

सातारकर, तुमच्या न्यायालयात कनिष्ठ स्तर न्यायाधीश असतील, तर ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तरुणपणीच आलेले असू शकतात. तीन वर्षांच्या वकिलीची सक्तीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा आणली, तीही पुढच्या भरतीसाठी. म्हणजे वकीलपत्रांचा रकाना कोराही असेल.

सातारकर
सर्वांचे आभार. समोरच्या पक्षाचे जुने वकील आणि नवे न्यायाधीश एकाच कार्यालयात होते, अशी कुजबुज कानावर आल्यामुळेच हा प्रश्न विचारला. ती खरी निघाली तर काय करावे?

दिवाणीतला वकील
मग माहिती अधिकाराची गरजच नाही. न्यायाधीशांनी पूर्वी याच दाव्यात किंवा याच पक्षकाराच्या दुसऱ्या प्रकरणात वकीलपत्र दाखल केले असेल, तर ते त्या फाइलमध्ये सही-तारखेनिशी सापडेल. तुमच्या वकिलांमार्फत नक्कलेचा अर्ज करून प्रमाणित प्रत काढा. ती मिळाली तर आधी त्याच न्यायाधीशांच्या निदर्शनास आणून द्या, कारण असे प्रकरण बहुतेक न्यायाधीश स्वतःहूनच सोडतात. त्यांनी नाही सोडले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दावा वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी कागद हवा. नुसत्या कुजबुजीवर अर्ज केलात तर तो फेटाळला जाईल, आणि पुढची सुनावणी त्याच न्यायाधीशांपुढे होईल.