जेल लावून अण्णांच्या गुडघ्याला फोड आलाय. किती लावायचं, कसं लावायचं?

कोरेगावची लेक

नमस्कार मंडळी. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ६९, कोरेगाव तालुक्यात शेती. गेली अकरा वर्षं आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत पंढरपूरला जातात. गुडघे दुखायला लागून चार वर्षं झाली, एक्स-रेत झीज दिसते. आषाढीला आता दोन महिने उरलेत, म्हणून रोज पहाटे सहा-सात किलोमीटर चालायचा सराव चाललाय आणि संध्याकाळी गुडघे सुजतायत.

मागच्या वारीत लोणंदच्या मुक्कामी कुणीतरी पाय चेपून दिले आणि हे दुखण्यावर चोळायचं जेल लावलं. रात्री शांत झोप लागली, तेव्हापासून अण्णांचा त्याच्यावर जीव आहे. परवा मी हडपसरहून गावी गेले तर दोन्ही गुडघ्यांवर लाल चट्टे आणि डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड. खोदून विचारल्यावर एकेक निघत गेलं. रात्री ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब दोन गुडघ्यांवर थापायची, वर गरम पाण्याची पिशवी, मग क्रेप बँडेज गच्च बांधायचं आणि तसंच झोपायचं. फारच ठणकलं तर दुखण्याची गोळीसुद्धा. बीपीची गोळी आठ वर्षांपासून आहे, त्यातच लघवी जास्त होण्याचं औषध मिसळलेलं आहे.

ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलंय: डायक्लोफिनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के.

फोडाचं काय करू? जेल कायमचं बंद करायचं का? गोळी आणि जेल एकत्र चालतं का? वारीला जाऊ नका असं मी त्यांना सांगणार नाही. मला त्यांना नीट लावायला शिकवायचं आहे.

काउंटरवरून, कराड

ताई, २२ वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, त्यावरून सांगतो. आधी फोडाचं बघा. तो फोडू नका. जेल, पिशवी, पट्टी तिन्ही आजच बंद. साध्या पाण्याने हलकं धुऊन कोरडं ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अण्णांना शुगर असेल तर उद्यावर टाकू नका. खरचटलेल्या, भाजलेल्या, पुरळ आलेल्या कातडीवर हे जेल लावायचंच नसतं, तिथून औषध नको तेवढं आत जातं.

भाजलं कशाने, तर तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट कातडीला मुळातच चुरचुरतात. वर पट्टी बांधली की ते कोंडतं, शेक दिला की भराभर आत शिरतं. अशा मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये लोकांना सावध केलं होतं. शेक हवाच असेल तर सकाळी द्या, जेल संध्याकाळी लावा. गरम पाण्याने अंघोळ केल्या केल्याही नको, कातडी निवू द्या.

आता माप. ट्यूब दाबून बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. एका गुडघ्याला अशा चार रेघा, म्हणजे २ ग्रॅम. गुडघा मोठा असेल तर फार तर आठ रेघा. दिवसातून तीन-चार वेळा, आणि तुमच्या ट्यूबवर याहून कमी लिहिलं असेल तर ते पाळा. अण्णा एका वेळी एका गुडघ्याला १५ ग्रॅम लावतायत! हलक्या हाताने पसरायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग धोतर-पायजमा. तासभर पाणी लागू द्यायचं नाही. हात साबणाने धुवायचे, नाहीतर तोच हात डोळ्याला किंवा नातवाच्या तोंडाला लागतो. ट्यूब पोरांच्या हाती लागेल अशी ठेवूच नका. मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

लोकांचा एक समज फार पक्का असतो. गारवा आणि झणझण जाणवली की औषध लागलं, असं त्यांना वाटतं. तो गारवा मेंथॉलचा. सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक मुकाट काम करतं, झिजेच्या गुडघ्यात फरक पडायला आठवडाही लागतो. म्हणून पहिल्याच रात्री जास्त थापून काही साधत नाही.

गोळीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. बहुतेक दुखण्याच्या गोळ्या आणि हे जेल एकाच जातीचं औषध आहे. जेल मापात लावलं तर गोळीच्या साधारण ६ टक्केच रक्तात जातं, म्हणून पोटाला आणि किडनीला ते सोसतं. पण अण्णांच्या बीपीच्या गोळीत आधीच लघवीचं औषध आहे. त्यावर दुखण्याची गोळी पडली, वरून दिवे घाटात घाम गेला आणि पाणी कमी पडलं, तर किडनीला मोठा धोका होतो. अशा माणसाला मी चिठ्ठीशिवाय ती गोळी देत नाही. डॉक्टरांना विचारून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घ्या.

रत्नागिरीकर

ताई, अण्णा रक्त पातळ होण्याची गोळी घेत नाहीत ना? आमच्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ती वॉरफरिन घेते. दोन वर्षांपूर्वी खांदा धरला म्हणून तीन आठवडे रोज असंच जेल चोळलं. दंडावर काळेनिळे डाग उठायला लागले, एक दिवस दात घासताना हिरडीतून रक्त थांबेना. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, दोन-तीनच्या मध्ये असायचा, तो सहाच्या वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध? आम्ही तिघांनी एका सुरात नाही म्हणून सांगितलं. जेल आमच्या डोक्यात औषध म्हणून नव्हतंच, ते फडताळात खोबरेल तेलाशेजारी असायचं. मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या घराण्यातलं आहे हे नंतर कळलं. दम्याच्या ज्या लोकांना ॲस्पिरिनने धाप लागते त्यांनीही लांब राहावं, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, असं तेव्हा त्यांनीच सांगितलं.

गुडघेदुखी फिजिओ

वर सगळं बरोबर आलंय, मी थोडीच भर घालते. जेल गुडघा, हाताची बोटं, घोटा अशा कातडीजवळच्या सांध्यांना उपयोगी. खुबा किंवा कंबर खोल असते, तिथे ट्यूबमागून ट्यूब रिकामी करून फारसं हाती लागत नाही. झिजेच्या गुडघ्यावरही अपेक्षा माफक ठेवा. मोठ्या अभ्यासांत डायक्लोफिनॅकचं जेल लावणाऱ्या दहापैकी सुमारे सहा जणांचं दुखणं निम्म्यावर आलं, आणि औषध नसलेलं नुसतं जेल चोळणाऱ्यांतही पाच जणांचं आलं.

अण्णांना वारी चालायची असेल तर मांडीचे स्नायू हवेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, उताणं झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन महिने पुरेसे आहेत. सरावही रोज सात किलोमीटर नको, एक दिवस चालणं, एक दिवस विसावा. आणि जेल सलग तीन आठवड्यांच्या पुढे लावायची वेळ आली तर डॉक्टरांनी गुडघा पुन्हा बघायला हवा.

माळढोक

एक विनंती. हात धुण्याआधी कागदाने पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका, म्हणजे नाल्या-ओढ्यात कमी डायक्लोफिनॅक जाईल. हेच औषध टोचलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन आपली गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अण्णांच्या गोठ्यात दुखऱ्या बैलाला कुणी माणसांचं इंजेक्शन देत असेल तर तेही थांबवा.

कोरेगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. फोडाला साधी पट्टी, कातडी भरेपर्यंत जेल नाही. दुखण्याची गोळी बंद, लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही त्यांनी सांगितलेल्या मापात. क्रिएटिनिन ठीक आलं. शुगर नाही, रक्त पातळ करण्याचीही गोळी नाही.

डॉक्टरांनी विचारलं, अण्णा, जेल लावताय हे मागच्या खेपेला का नाही बोललात? अण्णा म्हणाले, "तुम्ही गोळ्या कोणत्या म्हणून विचारलंत, चोळायचं कुठं विचारलंत?"

घरी आल्यावर मी रिकाम्या ट्यूबच्या खोक्यावर पेराएवढी रेघ काढून दाखवली. त्यांनी दोनदा बोट लावून बघितलं आणि म्हणाले, एवढंच? मग मी तुमचे निरोप मोठ्याने वाचले. रत्नागिरीच्या आईंचं ऐकताना ते गप्प झाले. दिंडीतल्या दवाखान्यात दाखवायला औषधांची यादी अभंगाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलीय. पहिल्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने "गुडघ्याचं जेल" लिहिलं, बीपीची गोळी त्याच्या खाली.

रत्नागिरीकर, आईंची तब्येत आता कशी आहे? अण्णा सकाळपासून दोनदा विचारून गेले.