पहिल्या ‘ब्लॅक सॅबथ’मधील जडपणा नेमका कशातून येतो?

प्रश्न

फेब्रुवारी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम मी सध्या पुन्हा पुन्हा ऐकत आहे. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने गिटारच्या तारा खालच्या सुरात लावल्यामुळे या संगीताला इतका जडपणा आला, असे अनेकदा वाचनात येते. मात्र माझी गिटार नेहमीच्याच सुरात असूनही शीर्षकगीताशी ती तंतोतंत जुळते. मग हा जडपणा येतो कुठून?

प्रतिसाद १

आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही. तारा तीन अर्धस्वर उतरवण्याची पद्धत आयोमीने १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या बँडच्या नंतरच्या अल्बममधील काही गाण्यांत वापरली, पहिला अल्बम नेहमीच्या सुरावटीतच वाजवलेला आहे. कारखान्यातील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनवली, शिवाय हलक्या तारा वापरल्या. म्हणजे ज्याच्या वादनाला आपण ‘जड’ म्हणतो त्याच्या तारा प्रत्यक्षात बारीक होत्या, ही गंमतच म्हणायची.

शीर्षकगीताचे मर्म त्याच्या तीन स्वरांत आहे. षड्ज, मग वरच्या सप्तकातील षड्ज, आणि तेथून उतरून थेट तीव्र मध्यम. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम पंचमाच्या सहवासात प्रसन्न वाटतो. येथे मात्र त्याला ना गंधार सोबत करतो, ना पंचम आधार देतो, आणि लय इतकी संथ आहे की त्या अधांतरी स्वरावर ऐकणाऱ्याला बराच वेळ थांबावे लागते.

प्रतिसाद २

ध्वनिमुद्रणाचाही वाटा मोठा आहे. निर्माता रॉजर बेन याने ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत हे काम सुमारे एका दिवसात उरकले, त्यामुळे चौघांनी एकत्र वाजवल्याचा रांगडेपणा टिकून राहिला. आरंभीचा पाऊस, गडगडाट आणि घंटा हे आवाज मात्र नंतर जोडलेले आहेत.

प्रतिसाद ३

एक आक्षेप नोंदवतो. संपूर्ण अल्बमला हेवी मेटल (रॉक संगीताचा जड, आक्रमक प्रकार) म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. ‘द विझार्ड’मध्ये गायक ऑझी ऑस्बोर्न माउथऑर्गन वाजवतो, ‘वॉर्निंग’ हे दुसऱ्या बँडचे ब्लूज गाणे आहे आणि बिल वॉर्डच्या ड्रम्समध्ये जॅझची लवचीकता जागोजागी जाणवते. एका गाण्याचा अंधार आपण उरलेल्या गाण्यांवर पसरवत आहोत.

प्रश्नकर्ता

आक्षेप मान्य आहे, तरी ‘एन. आय. बी.’मध्ये गीझर बटलरचा बास ऐकून तो थोडा सौम्य करावा, ही विनंती. प्रतिसाद १ वाचून ते तीन स्वर वाजवून पाहिले. तीव्र मध्यमावर आयोमी जो कंप देतो तो गाळला, की तोच स्वर एकदम निरुपद्रवी वाटू लागतो.