शब्दचर्चा : 'सेटिंग', 'डीफॉल्ट' आणि 'रिसेट'

प्रश्न : संगणकावरील 'सेटिंग' या शब्दासाठी मराठीत काय म्हणावे? 'डीफॉल्ट' आणि 'रिसेट' हे शब्द मराठी मजकुरात कसे लिहावेत?

उत्तर : 'सेटिंग'साठी मांडणी, जुळणी, रचना, विन्यास असे अनेक शब्द सुचवले जातात, परंतु त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्यातरी कामाला आधीच लागलेला आहे. 'मांडणी' आपल्याला कळफलकासाठी हवी आहे, कारण भारतीय भाषांच्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकात कोणते अक्षर कोणत्या कळीवर आहे हे सांगताना दुसरा इतका नेमका शब्द सापडत नाही. 'जुळणी' म्हटले की सुटे भाग आणून संगणक उभा करणे डोळ्यांसमोर येते. 'विन्यास' समजावून सांगण्यातच इतका वेळ जातो की मूळ काम बाजूला राहते.

माझ्या मते येथे उणीव नामाची आहे, क्रियापदाची मुळीच नाही. आपण घड्याळ लावतो, गजर लावतो, तंबोरा लावतो. या तिन्ही ठिकाणी एखादी वस्तू आपल्याला हव्या त्या जागी नेमकी आणून ठेवणे हाच अर्थ आहे, आणि संगणकाची तारीख, वेळ किंवा भाषा ठरवताना आपण याहून वेगळे काहीच करत नाही. 'लावणे'चे नाम करायला गेलो, की मात्र 'लावणी' हाती येते आणि ती भाताच्या रोपांना व फडावरच्या गाण्याला कधीच देऊन झाली आहे. म्हणून नाम 'सेटिंग' हेच ठेवावे, पण क्रियापद मराठी असावे : 'वेळ सेट करा' असे न लिहिता 'वेळ लावा' लिहावे, आणि 'ब्राइटनेस अॅडजस्ट करा' याऐवजी 'पडद्याचा उजेड कमी-जास्त करा'. बुकिंग, ट्रेनिंग, शूटिंग यांच्याप्रमाणे 'सेटिंग' मी नपुंसकलिंगी मानतो, जरी मीटिंग आणि बिल्डिंग यांच्या जोडीने ते स्त्रीलिंगी बोलणारेही पुष्कळ आहेत.

'पसंती' हा शब्दही मधूनमधून सुचवला जातो. अॅपलच्या संगणकांसाठी २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेन या प्रणालीत सेटिंग्जच्या जागेचे नाव 'सिस्टिम प्रेफरन्सेस' होते, ते २०२२च्या व्हेंच्युरा आवृत्तीत 'सिस्टिम सेटिंग्ज' झाले. विंडोजमध्ये १९८५च्या पहिल्या आवृत्तीपासून 'कंट्रोल पॅनेल' होते. २०१२च्या विंडोज ८पासून त्याच्या जोडीला 'सेटिंग्ज' आले. पडद्यावर मागे दिसणारे चित्र कोणते असावे ही पसंतीची बाब आहे. घड्याळात किती वाजले आहेत ही नाही. त्यामुळे 'पसंती' सरसकट चालणार नाही.

खरी काळजी घ्यायला हवी ती 'रिसेट'पाशी. मराठी सूचनांमध्ये मागे जाण्याच्या प्रत्येक क्रियेला 'पूर्ववत करा' असे लिहिण्याची सवय पडली आहे, पण मागे जाणे दोन प्रकारचे असते. विंडोजमध्ये पडद्याचे रेझोल्यूशन बदलले, की नवे सेटिंग ठेवायचे का अशी विचारणा होते, आणि १५ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर पडदा क्षणापूर्वी जसा होता तसा होतो. हे खरेखुरे पूर्ववत होणे. याउलट 'रिसेट धिस पीसी' हा पर्याय संगणक काल जसा होता तसा करत नाही; आपल्या फायली राखण्याचा पर्याय निवडला, तरी आपण बसवलेली सॉफ्टवेअरे आणि बदललेली सेटिंग्ज त्यात पुसली जातात. या दोन्हींना एकच शब्द वापरणे म्हणजे वाचणाऱ्याला फसवणे होय. दुसऱ्या क्रियेसाठी आपल्याकडे 'मूळपदावर आणणे' हा बोलण्यातला, अर्थाने चोख बसणारा प्रयोग आहे, आणि 'डीफॉल्ट' म्हणजे त्या मूळपदावरचे, 'मुळातले' सेटिंग. 'पूर्वनिर्धारित' चुकीचा नाही, परंतु फोनवरून कोणाला मदत करताना तो तोंडातून निघत नाही.

फोनवरूनच गेल्या महिन्यात आत्याला तिच्या संगणकावरची अक्षरे मोठी करून द्यायची होती. "आत्या, सेटिंग्जमध्ये जा," असे मी दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा ती गप्प राहिली. मग म्हणालो, "खालचे खिडकीचे चिन्ह दाब आणि दातेरी चाक कुठे दिसते ते बघ." ते तिला तत्काळ सापडले. पुढे 'अॅक्सेसिबिलिटी'मधल्या 'टेक्स्ट साइझ'ची पट्टी तिने स्वतःच सरकवली आणि १५० टक्क्यांवर थांबून म्हणाली, "आता चष्म्याशिवाय दिसतंय."

पुरवणी प्रश्न : 'एनेबल' आणि 'डिसेबल' यांसाठी 'सक्षम करा' व 'अक्षम करा' हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. मराठीत अक्षम असते ते माणूस किंवा यंत्रणा, आणि त्यात दोष देण्याची छटा आहे. ब्लूटूथ अक्षम होत नाही, ते बंद असते. दिव्याचे बटण असो वा वाय-फायचे, 'चालू' आणि 'बंद' हे शब्द पुरेसे आहेत; फक्त 'हा पर्याय वापरण्याची मुभा द्या' असा अर्थ असेल, तेथे तसे पूर्ण वाक्य लिहावे.