सचिन सोडून बोला, मत कुणाला?

टेस्ट क्रिकेटमधला आवडता भारतीय प्लेअर, एकच नाव आणि का ते पण लिहा. सचिन धरला तर वोटिंगला अर्थच नाही राहत. माझं मत द्रविडला.

— कुंबळे!! २००२ ला अँटिग्वात जबडा फ्रॅक्चर, तोंडाला पट्टी गुंडाळून आला आणि वर वेस्ट इंडिजच्या लाराला आउट काढलं, इथे आपण साधी सर्दी झाली तरी सुट्टी टाकतो

— लक्ष्मण. २००१, कोलकाता, फॉलोऑननंतर (म्हणजे मागे पडल्यावर लगेच परत बॅटिंगला उतरवल्यावर) २८१ रन. विषय संपला.

— अरे पण समोरून द्रविडने १८० मारले ते कोण मोजणार, त्याच्या नशिबी नेहमीचंच आहे हे

— बोलरला मत द्यायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं. ६१९ विकेट आहेत राव! कुंबळे.

— बरं, कुंबळे २, लक्ष्मण १. मी द्रविडवरून हलत नाही.